जड धातू, मृदेतील व खाद्य वनस्पतींतील

मृदेतून मुळांवाटे किंवा पानांवर बसणाऱ्या धुळीवाटे खाद्य वनस्पतींत येणारी आणि अल्प मात्रेतही अपायकारक ठरू शकणारी धातू व धातुसदृश मूलद्रव्ये. कॅडमियम, शिसे, पारा व आर्सेनिक ही त्यांतील प्रमुख होत. जस्त, तांबे, मँगॅनीज व निकेल यांचीही गणना येथेच करतात. मात्र ती वनस्पतींची सूक्ष्म पोषकद्रव्येही आहेत. निकेलची आवश्यकता सातूवरील प्रयोगांतून १९८७ मध्ये दाखविली गेली.

संज्ञा : ‘जड धातू’ ही संज्ञा वादग्रस्त आहे. तिचा उगम बहुधा जर्मन रसायनशास्त्रज्ञ लेओपोल्ट ग्मेलिन यांच्या १८१७ मधील वर्गीकरणापर्यंत नेला जातो. तेथे निकष घनतेचा होता. पुढे घनतेची किमान मर्यादा कोणी दर घ.सेंमी.ला ३.५ ग्रॅम मानली, कोणी ५, तर कोणी ७. पाचचा निकष लावल्यास आर्सेनिक (५.७) आत येते आणि सेलेनियम (४.८) बाहेर राहते, १.८५ घनतेचे बेरिलियम तर अतिविषारी असूनही हलकेच ठरते. शिवाय ही मूलद्रव्ये मृदेत धातुरूपात क्वचितच असतात. आयन व संयुगांच्या रूपात असताना मूळ धातूच्या घनतेला अर्थ उरत नाही. विषशास्त्रज्ञ जॉन डफस यांनी २००२ मध्ये ही संज्ञाच निरर्थक ठरविली. ‘लेश मूलद्रव्ये’ (अत्यल्प प्रमाणात आढळणारी मूलद्रव्ये) ही पर्यायी संज्ञा अधिक काटेकोर वाटते; रूढी मात्र जुन्या संज्ञेच्या बाजूने आहे.

शोषण : मृदेतील एकूण मात्रेपेक्षा मुळांना उपलब्ध होणारा अंश महत्त्वाचा असतो. सामू (पीएच) घटला, म्हणजे मृदा अधिक आम्ल झाली, की कॅडमियम व जस्त अधिक विरघळतात. सेंद्रिय द्रव्य व चिकणमाती त्यांना धरून ठेवतात. भातखाचरात एक पेच दिसतो. पाणी साचून ऑक्सिजन संपला की लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले आर्सेनिक सुटते आणि सिलिकॉनच्या वाहक प्रथिनांवाटे रोपात शिरते. कॅडमियम मात्र सल्फाइडरूपात अडकून पडते. खाचर कोरडे केल्यास नेमके उलट घडते. म्हणून पाणी काढून आर्सेनिक कमी करण्याच्या उपायाने दाण्यातील कॅडमियम वाढू शकते. कॅडमियमचा शिरकाव मुख्यतः मँगॅनीजच्या वाहकातून होतो. शिसे बहुतांशी मुळांतच अडते, तर पारा पाने हवेतूनही घेतात.

परिणाम व मर्यादा : जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या भातामुळे ‘इताई-इताई’ हा हाडे ठिसूळ करणारा विकार पसरला. त्याचा आरंभ १९१० च्या सुमाराचा असावा. कॅडमियमशी त्याचा संबंध शासनाने १९६८ मध्ये मान्य केला. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार पालेभाज्यांत कॅडमियमची कमाल मर्यादा दर किग्रॅ.ला ०.२ मिग्रॅ. व पॉलिश केलेल्या (कोंडा काढलेल्या) तांदळात ०.४ मिग्रॅ. आहे, अशा तांदळातील अकार्बनी आर्सेनिकसाठी ती ०.२ मिग्रॅ. आहे. धुण्याने पानांवरची धूळ व तीतील शिसे बरेच निघून जाते. पेशींत शिरलेले कॅडमियम जात नाही.