लहान मुलांचं ऑनलाइन बुद्धिबळ: वयाची अट, खातं कसं काढायचं आणि कागदपत्रं कुठली लागतात

पोरगं सहा-सात वर्षांचं झालं, चेसच्या क्लासला जायला लागलं की सर सांगतात घरी ऑनलाइन प्रॅक्टिस करून घ्या, मग रात्री जेवणं आटोपून आईबाबा मोबाइल घेऊन बसतात आणि जन्मतारखेच्या रकान्यापाशी गाडी अडते. बरेच जण जन्मसाल सरळ दहा वर्षं मागचं टाकून मोकळे होतात. हे नका करू, अगदी मनापासून सांगतेय. वय खरं टाकूनही मूल खेळू शकतं, तशी सोय केलेली आहे. खोटं साल टाकलं की साइटच्या लेखी तुमचं लेकरू मोठं माणूस, म्हणजे मोठ्यांचं चॅट उघडं, अनोळखी लोकांचे मेसेज उघडे, आणि पुढे काही भानगड झाली तर साइटला कळवताना पहिलं हेच निघतं की वय तुम्हीच खोटं लिहिलं होतं.

बऱ्याच साइट्स स्वतःचं खातं काढायला वय किमान १३ मागतात. ही अट आली कुठून तर अमेरिकेत १९९८ साली कायदा झाला, १३ च्या आतल्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही, आणि मोठ्या साइट्सनी तीच रेघ जगभर ठेवली. आपल्याकडे रेघ अजून वर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ पूर्ण होईपर्यंत मूलच धरलंय, मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागणार आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला बंदी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, संमतीचा भाग त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास. तेव्हा पालकाची ओळख पटवायला डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ऑनलाइन ठेवायची सरकारी सोय, हा एक मार्ग असेल, त्यामुळे आईचं किंवा बाबांचं डिजिलॉकर आत्ताच सुरू करून ठेवलेलं बरं.

आता खातं. मुलाचं वय १३ च्या आत असेल तर चेस डॉट कॉम या मोठ्या बुद्धिबळ साइटवाल्यांनी खास मुलांसाठी चेसकिड नावाची वेगळी साइट आणि अ‍ॅप काढलंय, तिथून सुरुवात करा. आधी पालकाचं खातं, स्वतःच्या ईमेलवर, आणि त्याच्या आत मुलाचं. मुलाचं खरं नाव बाहेर दिसत नाही, मोकळं चॅट नाही, डाव पालकांना बघता येतात. फुकटातही बरंच खेळता येतं, पैसे भरून घ्यायची मेंबरशिप आहे पण पहिल्या वर्षी तिची गरज मला तरी वाटत नाही.

दुसरा पर्याय लीचेस. ही फ्रान्समधली ना-नफा संस्था आहे, सगळं फुकट, जाहिरात एकही नाही. अगदी छोट्यांसाठी तर खातंसुद्धा नको, साइट उघडायची आणि कॉम्प्युटरशी खेळायचं, किंवा मित्राला आव्हान द्यायची लिंक काढून नाशिकच्या मामेभावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, दोघं खेळतात. खातं काढलं तर त्यात किड मोड आहे. वर उजवीकडे युजरनेमवर क्लिक, प्रेफरन्सेस, त्यात किड मोड, पासवर्ड टाकून चालू करायचा, झालं. चॅट, मेसेज, फोरम सगळं बंद होतं आणि वर एक हसरा चेहरा दिसायला लागतो, तो चेहरा आहे म्हणजे मोड चालू आहे. पण हाच मोड पासवर्ड टाकून बंदही करता येतो, त्यामुळे पासवर्ड पोराला सांगायचा नाही, लॉगिन आपण करून द्यायचं. आणि समोर खेळणारा अनोळखीच असतो, डावही सगळ्यांना दिसतात, किड मोडने फक्त बोलणं बंद होतं हे डोक्यात ठेवा.

युजरनेम ठेवताना पूर्ण नाव, शाळा, जन्मसाल यातलं काहीच नको. लीचेसवर ते नंतर बदलून मिळत नाही, फार तर एकदा अक्षरं लहानमोठी करता येतात. ईमेल पालकाचा द्या. मुलाचं वेगळं जीमेल काढायचंच असेल तर गुगलच्या फॅमिली लिंकमधून काढा, त्यात अ‍ॅप घ्यायला तुमची परवानगी लागते आणि वेळही बांधून देता येते.

कागदपत्रं? नुसतं खेळायला एकही नाही. एखादं अ‍ॅप नुसत्या खेळण्यासाठी मुलाच्या आधारचा फोटो मागत असेल तर तिथून उठा. तसंच पैसे लावून चेस खेळा म्हणणाऱ्या अ‍ॅपचं, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ मोठ्यांसाठीसुद्धा बंद केलेत, मग लहानांचा प्रश्नच नाही.

आता ज्या गोष्टीकडे पालक सगळ्यात कमी बघतात ती. लीचेसवर खातं काढताना चार चौकोन टिक करायचे असतात: डाव चालू असताना कॉम्प्युटर, पुस्तक, डेटाबेस किंवा दुसऱ्या माणसाची मदत घेणार नाही, बाकीच्यांशी नीट वागेन, जास्त खाती काढणार नाही, साइटचे नियम पाळीन. आपण न वाचता टिक करतो. त्यातला दुसरा माणूस म्हणजे बाबा! मागे उभं राहून "अरे घोडा, घोडा बघ, वजीर जातोय तुझा" हे सांगणंसुद्धा मदतच झाली. ताई तिच्या मोबाइलवर इंजिन (चांगली चाल शोधून देणारा प्रोग्राम) लावून चाल सांगते किंवा मूल झोपल्यावर काका त्याच्याच खात्यावर दोन डाव खेळून घेतात, हेही नियमात बसत नाही, अशाने खात्यावर फसवणुकीचा शिक्का बसू शकतो आणि तो आठ वर्षांच्या मुलाला समजावून सांगणं फार वाईट काम आहे. शिकवायचंय ना, मग डाव संपू द्या, नंतर अ‍ॅनालिसिस उघडून हवं तेवढं बसा दोघं, इंजिनसुद्धा लावा. काकांना खेळायचंय तर त्यांनी स्वतःचं खातं काढावं.

खरी कागदपत्रं लागतात ती पुढे, मूल रेटिंगच्या (निकालावरून खेळाडूला गुणांक मिळतो अशा) स्पर्धा खेळायला लागलं की. तेव्हा अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे ऑनलाइन नोंदणी करायची असते, दर वर्षी नवी करायची, आणि फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, आयडीही महासंघामार्फतच मिळतो. फोटो, जन्मदाखला, आधार हे तिन्ही स्कॅन करून ठेवा आणि तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आधी बघा. वयोगट १ जानेवारीला मोजतात, म्हणजे २०२६ मध्ये ९ वर्षांखालच्या गटात खेळायला जन्म १ जानेवारी २०१७ किंवा त्यानंतरचा हवा. फिडेच्या प्रोफाइलवर जन्मसाल जाहीर दिसतं, तेव्हा ऑनलाइन एक वय आणि इथे दुसरं असा घोळ करून ठेवू नका.

मुंबईत जन्मदाखल्याची एक ठरलेली अडचण असते. हॉस्पिटलने २१ दिवसांच्या आत जन्म कळवलेला असतो पण तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे दाखल्यावर आईबाबांची नावं आहेत आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. शाळेत कसंबसं चालून जातं, स्पर्धेच्या नोंदणीला अडतं. नाव घालून घेता येतं, पहिल्या वर्षात फुकट, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण जायचं कुठे, तर जिथे जन्माची नोंद झाली तिथे. राहता बोरिवलीला आणि बाळंतपण परळच्या केईएमला झालं असेल तर काम एफ दक्षिण वॉर्डाचं, बोरिवलीच्या ऑफिसात खेटे घालून उपयोग नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल, साताऱ्याला म्हणा सांगलीला म्हणा, तर तिथली नगरपालिका, महापालिका नाहीतर ग्रामपंचायत, आणि हे काम मे महिन्यात गावी जाल तेव्हाच उरकून घ्या, स्पर्धेचा फॉर्म निघाल्यावर धावपळ नको.

आधारचंही बघून ठेवा. पाच वर्षांच्या आत काढलेलं निळं आधार असेल तर त्यात बोटांचे ठसे नसतात, पाच पूर्ण झाल्यावर बायोमेट्रिक अपडेट करावंच लागतं, ५ ते ७ वयात ते मोफत असतं. सेंटरवर मुलाला घेऊन जायचं, जन्मदाखला सोबत, आणि स्वतःचा चालू असलेला मोबाइल नंबर त्याच वेळी जोडून घ्यायचा, कारण पुढचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात.