डॉपलरच्या उतारावरून कक्षा: गच्चीवरून उपग्रह पकडण्यामागचा इतिहास

साताऱ्यात किंवा सांगलीत गच्चीवर अँटेना धरून अंतराळ स्थानकाची वाट पाहायची, तर आज तीन गोष्टी पुरतात: पास (स्थानक आपल्या आकाशातून जाण्याचा काळ) सुरू होण्याची वेळ, दिशा आणि फ्रिक्वेन्सी. तिन्ही मोबाईलवरच्या ॲपमध्ये मिळतात. पण ॲप कधीकधी चुकतं. स्थानकाची कक्षा नुकतीच उंचावलेली असते, माहिती आठवडाभर जुनी असते, किंवा नव्याने सोडलेल्या उपग्रहाला भलताच क्रमांक चिकटलेला असतो. अशा वेळी हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारे, ज्या पद्धतीकडे वळतात ती ॲपपेक्षा, किंबहुना घरगुती संगणकापेक्षाही जुनी आहे.

4 ऑक्टोबर 1957 ला स्पुटनिक-1 कक्षेत गेला. त्याचा ट्रान्समीटर एक वॉटचा होता आणि 20.005 व 40.002 मेगाहर्ट्झवर बीप देत होता. 20 मेगाहर्ट्झ त्या काळातल्या साध्या शॉर्टवेव्ह रिसीव्हरवरही लागायचा, त्यामुळे जगभरच्या हौशी मंडळींना तो ऐकता आला. बॅटरी तीन आठवडे टिकली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफनबाख यांनी हीच बीप टेपवर घेतली. उपग्रह जवळ येताना स्वर चढलेला आणि दूर जाताना उतरलेला त्यांना आढळला. हाच डॉपलर परिणाम. 20 मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्ही बाजूंना साधारण 500 हर्ट्झ पडतो. वेळेसमोर फ्रिक्वेन्सी मांडली की आडव्या एस अक्षरासारखी वक्ररेषा मिळते, आणि एकाच ठिकाणच्या मोजणीवरून अख्खी कक्षा काढता येते हे दोघांनी दाखवून दिलं. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी 1958 मध्ये उलटा प्रश्न विचारला: कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे हे सांगता येईल का? त्यातून ट्रान्झिट ही दिशादर्शन प्रणाली उभी राहिली, आणि जीपीएस ही त्याच वाटेवरची पुढची पायरी.

या वक्ररेषेत दोनच गोष्टी पाहायच्या. रेषा सर्वांत वेगाने खाली येते तो क्षण म्हणजे उपग्रह आपल्या सर्वांत जवळ असण्याचा क्षण. आणि त्या क्षणीचा उतार अंतर सांगतो: उतार जितका तीव्र, उपग्रह तितका जवळ. अंतराळ स्थानक 420 किलोमीटरवरून थेट डोक्यावरून गेलं तर 437.8 मेगाहर्ट्झवर हा उतार सेकंदाला सुमारे 175 हर्ट्झ असतो. तेच स्थानक बाजूने, हजार किलोमीटरवरून गेलं तर 70 च्या आसपास. यंत्र कोणतंही असो, ही मोजणी 1957 मध्ये चालली तशीच आजही चालते.

शाळकरी मुलांनीही या मोजणीतून मोठी गोष्ट शोधली आहे. इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलचे शिक्षक जेफ्री पेरी विद्यार्थ्यांना घेऊन सोव्हिएत कॉसमॉस उपग्रहांचे 20 मेगाहर्ट्झच्या आसपासचे सिग्नल घड्याळ लावून टिपत असत. मार्च 1966 मध्ये सुटलेल्या कॉसमॉस-112 चा मार्ग बैकोनूर या प्रक्षेपण केंद्राशी जुळेना. वेगवेगळ्या कलाच्या, म्हणजे विषुववृत्ताशी वेगवेगळा कोन करणाऱ्या कक्षांतल्या, उपग्रहांचे पहिल्या फेरीचे मार्ग मागे नेले तेव्हा ते उत्तरेला प्लेसेत्स्कजवळ एकमेकांना छेदत होते. तिथे प्रक्षेपण केंद्र आहे हे सोव्हिएत सरकारने उघडपणे मान्य केलं ते 1983 मध्ये. रिसीव्हर, घड्याळ, आलेखाचा कागद आणि रोज न चुकता केलेली नोंद एवढ्यावर हे झालं, आणि यातली एकही गोष्ट आपल्याकडच्या शाळेला न परवडणारी नाही.

हौशींचा स्वतःचा पहिला उपग्रह ऑस्कर-1. तो 12 डिसेंबर 1961 ला अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटवर, डिस्कव्हरर-36 सोबत, जड वजनाच्या जागी बसून गेला. वजन साडेचार किलो, 144.983 मेगाहर्ट्झ आणि फक्त 140 मिलिवॉट. तो मोर्समध्ये एच आणि आय ही दोनच अक्षरं देई: चार टिंबं, मग दोन टिंबं. त्या टिंबांचा वेग आतल्या तापमानाबरोबर बदलत असे, म्हणून स्टॉपवॉचने ती मोजली की उपग्रह किती तापला ते कळे. अठ्ठावीस देशांतल्या 570 हून अधिक हौशींनी नोंदी पाठवल्या. दोन मीटरचा, म्हणजे 145 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, बँड तेव्हापासून उपग्रहांशी जोडला गेला तो कायमचाच.

मार्च 1965 मधल्या ऑस्कर-3 ने पहिल्यांदा इतरांचे संदेश परत पाठवले, 1969 मध्ये ॲमसॅट ही संघटना निघाली, आणि 15 नोव्हेंबर 1974 ला ऑस्कर-7 सुटला. या उपग्रहापाशी थोडं थांबायला हवं, कारण तो अजून ऐकू येतो. 1981 मध्ये त्याची बॅटरी शॉर्ट झाली आणि तो गप्प झाला. एकवीस वर्षांनी, 21 जून 2002 ला, इंग्लंडच्या पॅट गोवेन यांना त्याचा बीकन, म्हणजे ओळखीचा सिग्नल, ऐकू आला. शॉर्ट झालेली बॅटरी आता ओपन झाली होती, त्यामुळे सौर पॅनेलची वीज थेट सर्किटला मिळू लागली. म्हणून तो फक्त उन्हात चालतो. पृथ्वीच्या सावलीत गेला की बंद, बाहेर आला की पुन्हा चालू, आणि कोणत्या मोडमध्ये उठेल याचा भरवसा नाही. त्यामुळे त्याला शोधताना 145.925 ते 145.975 आणि 29.400 ते 29.500 मेगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्या पाहाव्या लागतात. पन्नाशी ओलांडलेलं हे यंत्र ऐकण्याआधी वेळापत्रकात त्याच्यावर ऊन आहे ना, एवढं तपासा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

ऑस्कर-7 च्या काळात पास काढायचा तो कागदावर. उत्तर ध्रुव मध्यभागी धरलेला नकाशा, त्यावर पारदर्शक पट्टीवर आखलेला उपग्रहाचा मार्ग आणि आपल्या गावाभोवती ऐकू येण्याच्या टप्प्याचं वर्तुळ. शॉर्टवेव्हवरच्या बातमीपत्रात विषुववृत्त ओलांडण्याची वेळ आणि रेखांश सांगितला जाई, तेवढ्यावर पुढचं सगळं घरी निघे. आजही करून पाहण्यासारखं आहे. 1450 किलोमीटर उंचीवर हा टप्पा 3,900 किलोमीटरचा पडतो. सांगली केंद्र धरून तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. एक फेरी 115 मिनिटांची, आणि तेवढ्यात पृथ्वी 28.7 अंश फिरते, म्हणून पुढच्या वेळी उपग्रह तितकाच पश्चिमेला विषुववृत्त ओलांडतो. डोक्यावरून जाणारा पास साधारण 22 मिनिटांचा आणि उत्तरेकडे जाताना तो विषुववृत्त ओलांडण्याच्या सहाएक मिनिटं आधी सुरू होतो. हे एकदा हाताने केलं की ॲपचा आकडा वेडावाकडा आला तर लगेच खटकतं.

1983 मधल्या ऑस्कर-10 ची कक्षा लांबट होती आणि तिथे ही पट्टी पुरेना. सुदैवाने घरगुती संगणक त्याच सुमारास आले. टॉम क्लार्क यांनी बेसिक भाषेत लिहिलेला कार्यक्रम हौशींमध्ये पसरला, आणि सोबत कक्षा सांगणारे दोन ओळींचे ते आकडेही, ज्यांना हॅम मंडळी केप्स म्हणतात. या ओळी पंचकार्डाच्या जमान्यातल्या, म्हणून त्यांत रिकाम्या जागेलाही अर्थ आहे. एक स्पेस कमी पडली तर कार्यक्रम कधी चूक दाखवतो, कधी न बोलता चुकीचं उत्तर देतो. त्यांतला उपग्रह क्रमांक पाच अंकी असतो: स्थानक 25544, ऑस्कर-7 चा 07530. दुसऱ्या ओळीत क्रमांकानंतर पहिला आकडा कक्षेच्या कलाचा, शेवटचा दिवसातल्या फेऱ्यांचा. पहिल्या ओळीत तारीख असते ती अशी: 24045.5 म्हणजे 2024 चा पंचेचाळिसावा दिवस, 14 फेब्रुवारी, दुपारी बारा. हे बारा यूटीसीचे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. नवख्यांचा पहिला पास हुकतो तो बहुतेक या साडेपाच तासांपायी, आणि त्यातही वरच्या अर्ध्या तासापायी. नोंदवही यूटीसीतच ठेवावी.

भारतापुरतं बोलायचं तर 19 एप्रिल 1975 चा आर्यभट्ट हा पहिला उपग्रह, पण हौशींसाठी खरी तारीख 5 मे 2005. त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी6 ने कार्टोसॅट-1 सोबत 42.5 किलोचा हॅमसॅट सोडला. त्यात दोन ट्रान्सपाँडर, म्हणजे आलेला सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत पाठवणारी यंत्रं, होती, एक भारतीय बनावटीचा आणि एक नेदरलँड्सच्या हौशीने बनवलेला. वर 435.220 ते 435.280 एलएसबीत बोलायचं, खाली 145.870 ते 145.930 यूएसबीत ऐकायचं. एलएसबी आणि यूएसबी म्हणजे एसएसबी पद्धतीतल्या सिग्नलची खालची आणि वरची बाजू. बाजू उलटवण्यामागे नेमका हिशेब होता. 435 वर डॉपलर दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो, 145 वर साडेतीनपर्यंत. ट्रान्सपाँडर उलटा असला की त्यांची बेरीज न होता वजाबाकी होते आणि ऐकणाऱ्याला साडेसहाच किलोहर्ट्झ सांभाळावे लागतात. साध्या एफएम हँडसेटने मात्र तो वापरता येत नसे, एसएसबीचा रेडिओ लागायचा. बॅटरी निकामी झाल्याने जुलै 2014 मध्ये तो बंद पडला. नऊ वर्षं चाललेल्या त्या उपग्रहाची जागा घेणारा तसा भारतीय ट्रान्सपाँडर आज असायला हवा होता, हे आमचं स्पष्ट मत आहे. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांचा एक किलोच्या आतला स्वयम् उपग्रह 22 जून 2016 ला गेला, आणि जुलै 2025 मध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावरून हॅम रेडिओने बंगळुरूतल्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला, तेव्हा रस पुष्कळ आहे.

आता स्थानकावरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेला आवाज पुन्हा प्रसारित करणारं यंत्र, हॅमसॅटच्या बरोबर उलट आहे: वर 145.990, सोबत 67 हर्ट्झचा टोन, आणि खाली 437.800. वर बोलायला परवाना हवाच. दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग विंगची परीक्षा बारा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही देता येते. हॅमसॅटच्या रचनेत नसलेली एक अडचण इथे येते. 145.990 ची तिप्पट 437.970 होते. म्हणजे आपल्याच ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीच्या शेजारी पडतो, आणि बोलायला लागलं की रिसीव्हर बहिरा होतो. रिसीव्हरच्या वायरीत डिप्लेक्सर, म्हणजे दोन बँड वेगळे करणारा फिल्टर, घातला की बहुतेक वेळा भागतं. ऐकताना पाच टप्पे आधीच मेमरीत भरावेत: 437.810, 437.805, 437.800, 437.795 आणि 437.790, याच क्रमाने. 145.800 वरच्या चित्रांसाठी, म्हणजे आवाजाच्या रूपात येणाऱ्या एसएसटीव्हीसाठी, फ्रिक्वेन्सी हलवायची गरज नाही. तिथला साडेतीन किलोहर्ट्झचा फरक एफएमच्या रुंदीत सामावतो. एक चित्र दोन मिनिटांचं, दोन चित्रांमध्ये विराम, आणि पास दहा मिनिटांचा, म्हणून पूर्ण चित्रं दोन, फार तर तीन.

आपल्या अक्षांशावरून स्थानक एक तर नैर्ऋत्येकडून ईशान्येला जातं, नाही तर वायव्येकडून आग्नेयेला. दिवसाला चार-पाच पास मिळतात, त्यांतले बरेचसे क्षितिजाजवळून जाणारे. साताऱ्यात पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आणि दक्षिणेला अजिंक्यतारा. क्षितिज पंधरा अंश झाकलं गेलं तर डोक्यावरून जाणाऱ्या पासमध्येही त्या बाजूची अडीच मिनिटं जातात. म्हणून ॲपमध्ये किमान उंची शून्य न ठेवता आपल्या गच्चीवरून मोजून भरावी. सांगलीला क्षितिज मोकळं आहे, तिथे शत्रू म्हणजे गोंगाट: स्वस्त एलईडी, चार्जर, इन्व्हर्टर. ग्रिड लोकेटर, म्हणजे हौशी मंडळींचा ठिकाणाचा संकेतांक, सांगलीचा एमके 76, कराडचा एमके 77. साताऱ्यात 74 अंश रेखांश शहरालगतच जातं, त्यामुळे एका पेठेत एमके 67 आणि पूर्वेच्या वस्तीत एमके 77. सहा अक्षरी लोकेटर काढल्याशिवाय लिहू नये.

ऐकायला 145.8 साठी 50-50 सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या दांड्या, 120 अंशांत आडव्या बसवलेल्या, आणि एक डोंगल, म्हणजे संगणकाच्या यूएसबी पोर्टला लावायचा रिसीव्हर, पुरतो. 437 साठी त्याच आकाराच्या 16-17 सेंटिमीटरच्या दांड्या. आरजी-58 केबल 20 मीटर ओढली तर 437 वर सहा डेसिबलहून जास्त, म्हणजे तीन चतुर्थांश सिग्नल वायरीतच जिरतो. त्यापेक्षा डोंगल अँटेनापाशी न्यावा किंवा तिथेच सिग्नल वाढवणारा प्री-ॲम्प्लिफायर लावावा. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे हवामान उपग्रह 137 मेगाहर्ट्झवर चित्रं देत, ते तिन्ही 2025 मध्ये बंद झाले. जुनी मार्गदर्शनं वाचून त्यांना शोधत बसू नये.

डॉपलर मोजायचा असेल तर डोंगल निवडतानाच काळजी हवी. साध्या डोंगलमध्ये 50 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत 50) चूक असू शकते, म्हणजे 437 वर 22 किलोहर्ट्झ, खुद्द डॉपलरच्या दुप्पट. टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी स्थिर राहणारा ऑसिलेटर, असलेला घ्यावा, वीस मिनिटं तापू द्यावा, आणि संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवावं. एका सेकंदाची चूक कक्षेत साडेसात किलोमीटर पडते.

या सगळ्याचा आज खरा उपयोग होतो तो नव्या उपग्रहांसाठी. 15 फेब्रुवारी 2017 ला पीएसएलव्ही-सी37 ने एकाच वेळी 104 उपग्रह सोडले. अशा प्रक्षेपणानंतर रडारला ठिपक्यांची रांग दिसते, पण कोणता ठिपका कोणाचा हे रडार सांगत नाही. ते सिग्नल सांगतो. पास रेकॉर्ड करायचा, मग रांगेतल्या एकेका वस्तूचे केप्स लावून डॉपलर वजा करून पाहायचा. बरोबर केप्स लागले की वॉटरफॉलवरची, म्हणजे वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रावरची, रेषा सरळ उभी राहते, चुकीचे असले तर मधोमध वाक उरतो. दोन उपग्रह दहा सेकंदांच्या अंतराने चालत असतील तर 437 वर सर्वांत जवळच्या क्षणी दीड किलोहर्ट्झहून जास्त फरक दिसतो, नजरेने ओळखण्याइतका. 2014 मध्ये सुरू झालेल्या सॅटनॉग्ससारख्या खुल्या जाळ्यावर अशी रेकॉर्डिंग चढवता येतात. सोबत अक्षांश-रेखांश दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत, यूटीसी वेळ सेकंदापर्यंत आणि डोंगलची मोजलेली चूक पीपीएममध्ये द्यावी. रेकॉर्डिंग कच्चं आयक्यू, म्हणजे रिसीव्हरने टिपलेला सिग्नल जसाच्या तसा, ठेवावं, आधीच डॉपलर दुरुस्त केलेलं नको. दुरुस्ती कोणत्या केप्सने केली ते माहीत नसेल, तर त्या रेकॉर्डिंगवरून उपग्रह ओळखता येत नाही.