जमीन वापर बदल आणि आरक्षण फेरबदल (पुणे)

पुणे महापालिकेच्या हद्दीतील जमिनीचा किंवा इमारतीचा विकास योजनेने (कोणती जागा कशासाठी, हे ठरवणाऱ्या शहराच्या आराखड्याने) ठरवून दिलेला वापर बदलून मागण्याची, आरक्षण (शाळा, बाग अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) उठवून किंवा सरकवून घेण्याची आणि अशा मागण्यांवर निर्णय देण्याची पद्धत. पुण्यात यासाठी वेगळा नगर नियोजन आयोग नाही. महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना अधिनियम, १९६६ नुसार महापालिका हीच नियोजन प्राधिकरण आहे. तिच्या बांधकाम विकास आणि विकास योजना विभागांकडे अर्ज येतात, शहर सुधारणा समिती व मुख्य सभा ठराव करतात, आणि योजनेलाच हात लावायचा असेल तर अखेरची सही मंत्रालयातल्या नगरविकास विभागाची लागते. बंगल्याच्या एका खोलीत दवाखाना थाटायचा असो की भूखंडावरचे शाळेचे आरक्षण घालवायचे असो, बोलताना दोन्हीला ‘झोन बदलून घेणे’ म्हणतात. पहिल्यासाठी बहुधा झोनला हातही लावावा लागत नाही. दुसऱ्यापायी वर्षे जातात, आणि एकदा तर तो वाद राज्याच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचला.

कायद्यातला ‘विकास’

या अधिनियमात ‘विकास’ म्हणजे फक्त बांधकाम नव्हे. जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात महत्त्वाचा बदल करणे हाही विकासच, आणि त्याला परवानगी लागते. एक वीटही न हलवता राहत्या घराचे हॉटेल केले तरी बेकायदा विकास झाला, असा याचा अर्थ. कलम ४४ खाली अर्ज, कलम ४५ खाली निर्णय. ६० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, पण प्रस्ताव नियमांत बसत असेल तरच. नकाराविरुद्ध कलम ४७ खाली राज्य शासनाकडे ४० दिवसांत अपील करता येते. ‘मानीव परवानगी’च्या भरवशावर कामाला लागणारे पुढे अडचणीत येतात, कारण प्रस्ताव नियमांत बसत होता की नाही, हा वाद मग बांधकाम उभे राहिल्यावर सुरू होतो.

झोन, आणि त्याहून महत्त्वाची रस्त्याची रुंदी

नकाशावर निवासी, व्यापारी, औद्योगिक, सार्वजनिक-निमसार्वजनिक, शेती तथा ना-विकास, हरित पट्टा, डोंगरमाथा-डोंगरउतार असे विभाग रंगांनी दाखवलेले असतात. जमिनीच्या बाजारात ‘यलो झोन’ (निवासी) आणि ‘ग्रीन झोन’ (शेती वा हरित) हे दोनच शब्द चालतात, आणि एकाच गावात त्या दोन रंगांच्या भावांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. औद्योगिक जमीन निवासी वापराला घेण्याची वाट नियमावलीतच ठेवलेली आहे. सुविधांसाठी जागा सोडण्यासारख्या अटी पाळल्या की त्यासाठी झोन बदलावा लागत नाही.

पण शहरात प्रत्यक्ष काय चालेल हे रंगाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, समोरच्या रस्त्यावर ठरते. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे सोडून जवळपास सगळ्या राज्याला लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्यात निवासी विभागाचे दोन भाग आहेत. दाट वस्तीत ९ मीटर आणि दाट वस्तीबाहेर १२ मीटर रुंदीच्या आतल्या रस्त्यांवरचे भूखंड आर-१ मध्ये येतात. त्याहून रुंद रस्त्यावरचे आर-२ मध्ये. आर-१ मध्ये राहत्या डॉक्टरचा दवाखाना, वकिलाचे कार्यालय, घरगुती उद्योग असे मोजके वापर चालतात. आर-२ मध्ये दुकाने, कार्यालये, बँका यांना बरीच मोकळीक आहे. म्हणून मालक वापरबदल मागत असला तरी त्याचा आर्किटेक्ट आधी टेप घेऊन रस्ता मोजतो. पेठांत हा हिशेब आणखी अवघड होतो, कारण मोजायचा तो आज डोळ्यांना दिसणारा बोळ नव्हे. नकाशावर रस्तारुंदीची रेषा आखलेली असेल तर ती धरली जाते, आणि ती अनेकदा समोरच्याच्या वाड्याच्या ओसरीवरून गेलेली असते.

२०२० मध्ये महापालिकेत ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा एवढी ओरड का झाली ते यावरून कळते. वरवर पाहता तो रस्तारुंदीचा साधा विषय होता. पण तेव्हा ९ मीटरच्या आतल्या रस्त्यावर टीडीआर, म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर वापरण्याची सोय, वापरता येत नव्हता. रस्ता कागदावर रुंद झाला की त्यावरच्या प्रत्येक भूखंडाची बांधकाम क्षमता वाढते. थोडक्यात, शेकडो गल्ल्यांतल्या मालकांना एकाही अर्जाशिवाय मिळणारा तो वापरबदलच होता.

झोन आणि रस्ता दोन्ही जुळले तरी काही मर्यादा बाहेरून येतात. शनिवारवाडा हे राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि पुढच्या २०० मीटरांत नियंत्रित आहे. आसपासच्या मोडकळीला आलेल्या वाड्यांचा पुनर्विकास त्यामुळे अडून राहिला आहे, आणि हा अडसर महापालिकेच्या हाती नाही. लोहगाव विमानतळाभोवती उंचीची बंधने आहेत. मुठेच्या काठी निळी आणि लाल पूररेषा आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्याची आठवण असलेल्या शहराला ही रेषा समजावून सांगावी लागू नये, पण नदीपात्रालगतचे भराव पाहिले की शंका येते.

कलम ३७: योजनेतच फेरबदल

मागितलेला वापर नियमावलीत बसत नसेल किंवा भूखंडावर आरक्षण असेल, तर मंजूर विकास योजनेतच दुरुस्ती करावी लागते. तिची वाट कलम ३७ मधून जाते. महापालिका प्रस्ताव तयार करते, किंवा शासन तिला तसे निर्देश देते. मग राजपत्रात सूचना प्रसिद्ध होते, हरकती व सूचनांसाठी एक महिना मिळतो, बाधितांना वेगळी नोटीस जाते, सुनावणी होते आणि प्रस्ताव शासनाकडे रवाना होतो. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन निर्णय देते. संचालकांचे कार्यालय पुण्यातच, मध्यवर्ती इमारतीत आहे. फाइल मात्र मुंबईला जाऊनच परत येते.

या कलमाची मर्यादा त्याच्याच शब्दांत आहे: फेरबदलाने विकास योजनेचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. मर्यादा नेमकी कुठे संपते, हा प्रश्न पुण्याच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रभात रस्ता परिसरातील एका भूखंडावर १९८७ च्या योजनेत प्राथमिक शाळेचे आरक्षण होते. ते उठवून तिथे निवासी इमारत उभी राहिली. विकसक तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे जावई होते. जानेवारी १९९९ मध्ये जोशी यांनी पद सोडले, मार्च १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा फेरबदल बेकायदा ठरवला, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. शाळा, बाग, क्रीडांगण यांची आरक्षणे ही मालक आणि शासन यांच्यातली खासगी देवघेव नसून परिसरातल्या रहिवाशांचाही त्यांवर हक्क आहे, ही बाजू त्यात ठळकपणे पुढे आली. त्यानंतर असे प्रस्ताव बंद पडले, असे म्हणता येणार नाही. फायलींवरची भाषा मात्र सावध झाली.

राजपत्रातली सूचना वाचतो कोण, हा या पद्धतीचा कच्चा दुवा आहे. ‘स. नं. अमुक, हिस्सा नं. तमुक, क्षेत्र इतके चौ.मी., क्रीडांगणाचे आरक्षण वगळून निवासी विभागात’ एवढ्या मजकुरावरून ते आपल्याच गल्लीच्या टोकाचे मैदान आहे, हे कळायला नकाशा हाताशी हवा आणि सर्व्हे नंबर पाठ हवा. पत्त्यातले आकडे इथे उपयोगी पडतात. पेठांत सिटी सर्व्हे नंबर चालतो, कोथरूड-बाणेरकडे सर्व्हे नंबर; आणि शिवाजीनगर-एरंडवण्यात नगररचना योजना झाल्याने ‘एफ. पी. नंबर’, म्हणजे त्या योजनेतला अंतिम भूखंड क्रमांक. सामान्य माणूस महिन्याभरात हरकत घेऊ शकतो, पण बहुतेकदा त्याला बातमी लागते ती पत्र्याचे कुंपण उभे राहिल्यावर.

योजना नव्याने होते तेव्हा

सर्वांत जास्त मागण्या येतात त्या सुधारित विकास योजनेच्या वेळी, कारण तेव्हा सगळेच रंग पुन्हा भरले जाणार असतात. पुण्याची पहिली विकास योजना १९६६ ची, दुसरी १९८७ ची. तिसरी २००७ ते २०२७ या काळासाठीची. तिला मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे निम्मा काळ सरल्यावर. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या प्रारूपावर सुमारे ८७,००० हरकती व सूचना आल्या. त्या ऐकण्यासाठी कायद्याप्रमाणे सातजणांची नियोजन समिती बसली, तीन नगरसेवक आणि चार तज्ज्ञ. दोन्ही गटांचे जुळले नाही आणि शिफारशी वेगवेगळ्या गेल्या. २०१५ मध्ये शासनाने योजना महापालिकेकडून काढून घेतली आणि विभागीय आयुक्त एस. चोक्कलिंगम यांच्या समितीकडे दिली. त्या समितीने बरीच आरक्षणे वगळल्यावर शहरात नाराजी उमटली, आणि अंतिम मंजुरीत त्यांतली अनेक परत आली. आरक्षण गेले, आले, पुन्हा गेले, या येरझाऱ्यांत जमीन विकत घेऊन बसलेल्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते.

मंजुरी एकदम पूर्ण मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. शासनाला भरीव बदल करायचे असलेला भाग वगळून बाकीची योजना मंजूर होते, आणि वगळलेल्या भागावर नव्याने हरकती मागवल्या जातात. या तुकड्यांना आर्किटेक्ट मंडळी ‘ईपी’ म्हणतात. आपला भूखंड ईपीत आहे की नाही, हे न पाहता घेतलेला झोन दाखला अपुरा ठरतो.

टेकड्या

१९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांपैकी पुढे हद्दीत राहिलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरांचे जैवविविधता उद्यान, म्हणजे बीडीपी, आरक्षित आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये शासनाने ते कायम करून मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर ठरवला. मालकांना तो तुटपुंजा वाटतो. टेकडीप्रेमी संस्थांना बांधकामाची कोणतीही सूट धोक्याची वाटते, आणि उतारांवरची अनधिकृत घरे पाहता त्यांची भीती निराधार नाही. स्वतः शासनाला जागा हवी झाली तेव्हाही नजर इकडेच वळली: कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोची जागा मेट्रोच्या डेपोला गेल्यावर शिवसृष्टीसाठी चांदणी चौकाजवळची बीडीपीची जमीन पुढे आली.

आरक्षण आपोआप सुटणे

मालकाला फेरबदल न मागताही आरक्षणातून सुटता येते. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत महापालिकेने जमीन ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ ची ‘खरेदी नोटीस’ देता येते. नोटिशीनंतरची मुदत पूर्वी ६ महिने होती, पुढे १२ झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून २४ महिने आहे. त्या काळात संपादनाची ठोस पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते, आणि शेजारच्या जमिनीला जे चालते ते तिथे चालते. ‘ठोस पावले’ म्हणजे नुसता प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणी स्पष्ट केले. तिजोरीत पैसा नसला की महापालिका टीडीआर देऊ करते. तो घ्यायचा की नाही हे मालकाच्या मनावर. शाळेची किंवा दवाखान्याची जागा गेली ती दरवेळी कुणाच्या दबावाने गेली असे नव्हे. पुष्कळदा नोटिशीची तारीख कुणी पाहिली नाही, एवढेच कारण असते.

आधी वापर, मग अर्ज

पुण्यात वापर आधी बदलतो आणि अर्ज मागाहून येतो, आला तर. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी राहत्या इमारतींच्या मजल्यांवर अभ्यासिका आणि मेस उभ्या राहिल्या. प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, कोरेगाव पार्क इथल्या बंगल्यांत कार्यालये आणि रेस्टॉरंटे आली. फर्ग्युसन आणि जंगली महाराज रस्त्यांवर इमारतीपुढची मोकळी सोडायची जागा, म्हणजे फ्रंट मार्जिन, शेड टाकून टेबलांनी भरते. कारवाईत शेड निघते आणि थोड्या दिवसांत परत लागते. काही वापर परवानगीने नियमित होण्यासारखे असतात: रस्ता पुरेसा रुंद आहे, पार्किंगला जागा आहे, फक्त सुधारित नकाशा कुणी मंजूर करून घेतलेला नाही. पार्किंगच्या मजल्यावर काढलेल्या दुकानांना मात्र ही वाट नाही.

मिळकतकराची पावती हा पुरावा म्हणून सर्रास पुढे केला जातो. कर आकारणी विभाग प्रत्यक्ष वापर पाहून बिगरनिवासी दराने बिल पाठवतो, आणि मालक ते बिल भरून आपला वापर मान्य झाला असे समजतो. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ नुसार अनधिकृत बांधकामाला कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लागते, म्हणून मूळ करासह रक्कम तिपटीपर्यंत जाते. ती वर्षानुवर्षे भरली तरी बांधकाम किंवा वापर अधिकृत होत नाही, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. वापर कायदेशीर आहे की नाही हे ठरते ते झोन दाखला, विकास योजनेचा भाग नकाशा, मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (इमारत वापरात घ्यायची परवानगी) या कागदांवर.