मोबाइलवरील निवडणूक प्रचार (ग्रामीण विदर्भ)

व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवरून उमेदवाराने मतदारापर्यंत पोहोचण्याची रीत. विदर्भाच्या 11 जिल्ह्यांत विधानसभेच्या 62 आणि लोकसभेच्या 10 जागा आहेत. सप्टेंबर 2016मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि हा प्रचार खेड्यात शिरला. ऑटोवरचा भोंगा मात्र अजून फिरतोच.

गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप हे या प्रचाराचे खरे ठिकाण. एरवी त्यावर बाजार समितीतले सोयाबीन-कापसाचे भाव, मयतीचा निरोप, हरवलेल्या बैलाचा फोटो असतो. निवडणूक लागली की त्यातच सभेचे व्हिडिओ येऊ लागतात. ते टाकणारा बहुतेक वेळा गावातलाच, पक्षाचा बूथ सांभाळणारा पोरगा असतो. उमेदवार कोणाचा कोण असो, हा पोरगा अमक्या काकांचा म्हणून सगळ्यांना ठाऊक असतो आणि त्याच ओळखीवर क्लिप खरी मानली जाते. खोटी क्लिपही याच वाटेने येते, हा यातला सर्वांत मोठा धोका. 2018पासून एक संदेश एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येतो. पण पानठेल्यावर खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) घोटून होईपर्यंत एकाच फोनवर चौघे जण ती क्लिप पाहून घेतात, तिथे ही मर्यादा काय करणार?

प्रमाण मराठीतल्या लांब भाषणापेक्षा वऱ्हाडीतली अर्ध्या मिनिटाची रील लवकर पोहोचते. आशय मात्र शेतीचाच लागतो. 20 नोव्हेंबर 2024च्या विधानसभा मतदानाच्या तोंडावर सोयाबीन नुकतेच घरात आले होते. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना बाजारात त्याहून कमी भाव मिळत होता. अशा वेळी विक्रीची पावती हातात धरून बोलणाऱ्या कास्तकाराचा हलता, अंधुक व्हिडिओ सजवलेल्या पोस्टरपेक्षा जास्त पटतो.

निवडणूक आयोगाच्या 2013च्या सूचनांनुसार उमेदवाराने आपली समाजमाध्यम खाती शपथपत्रात द्यावी लागतात, जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते आणि तिचा खर्च हिशोबात धरावा लागतो. विधानसभेसाठी उमेदवाराच्या एकूण खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे. स्वतःच्या खात्यावर टाकलेला मजकूर मात्र जाहिरात मानला जात नाही. त्यामुळे गावच्या ग्रुपवरचा बराचसा प्रचार या चाळणीतून सुटतो.

गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीच्या किंवा अमरावतीतल्या मेळघाटाच्या ज्या पाड्यांवर रेंजच नाही, तिथे यातले काहीच चालत नाही. तिथे उमेदवाराला स्वतः जावे लागते, आणि माडिया किंवा कोरकू बोलणारा माणूस सोबत न्यावा लागतो.