जुळणीचे टक्के वेगळे, वाङ्मयचौर्य वेगळं

प्रबंध सादर करायचे दिवस जवळ आले की सांगलीत संशोधन करणारी मुलं भेटल्या भेटल्या एकमेकांना विचारतात, ‘किती टक्के आले?’ टायपिंगच्या दुकानातही ‘प्लॅगॅरिझम काढून देतो’ असं सहज म्हटलं जातं, जणू ते कपड्यावरचा डाग आहे. मार्गदर्शक म्हणून मला याची काळजी वाटते, कारण या बोलण्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एक झाल्या आहेत. प्रबंध तपासणारं सॉफ्टवेअर मोजतं ते शब्दांचं आधीच्या लिखाणाशी जुळणं, आणि त्याच्या अहवालात येतात ते याचेच टक्के. वाङ्मयचौर्य (प्लॅगॅरिझम) म्हणजे दुसऱ्याचं काम किंवा विचार आपला म्हणून मांडणं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतली व्याख्याही हीच आहे, आणि तिच्यात ‘विचार’ हा शब्द आहे. विचार मोजणारं यंत्र कुठल्याही ग्रंथालयात नाही.

एकाच आठवड्यात माझ्याकडे दोघं आली होती. दोघांचाही विषय २०१९ च्या महापुराशी जोडलेला. मुलीच्या अहवालात १८ टक्के, मुलाच्या अहवालात ३. ती रडकुंडीला आलेली, तो निश्चिंत.

मी तिचा अहवाल उघडून जुळलेल्या मजकुरावरची एकेक रंगीत पट्टी बघितली. बरीचशी जुळणी संदर्भसूचीची होती. पुस्तकाचं नाव, प्रकाशक, साल सगळे सारखंच लिहिणार. पुढे आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधली व्याख्या होती, आणि कायद्याची भाषा बदलायची नसतेच. एक पट्टी या वाक्यावर होती: ‘आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे.’ सांगलीच्या पुरावर लिहिणारा प्रत्येक जण हे वाक्य असंच लिहितो. दुसरं कसं लिहिणार? संदर्भसूची, योग्य श्रेय देऊन घेतलेले उतारे, कायद्याचा मजकूर आणि सर्वसामान्य माहितीचे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे नियमांनीच मोजणीतून वगळलेले आहेत. ते वगळल्यावर आकडा १० च्या आत आला. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० ला सुधारित प्रबंध द्यायलाच एक वर्ष बंदी, आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. एक परिच्छेद मात्र खरोखर चुकला होता. सरकारी अहवालातला मजकूर जसाच्या तसा घेतलेला, अवतरणचिन्ह नाही, संदर्भ थेट प्रकरणाच्या शेवटी. तो तिने तिथेच दुरुस्त केला.

मुलाचं दुसरं प्रकरण वाचताना मात्र मला ओळखीची चाल लागत गेली. एका इंग्रजी शोधनिबंधाचं ते परिच्छेदागणिक भाषांतर होतं. उदाहरणांचा क्रम तोच, लेखकाने स्वतःवरच घेतलेले आक्षेपही तेच. संदर्भसूचीत त्या निबंधाचं नाव होतं, पण प्रकरणात कुठेच नाही. भाषा बदलली की जुळणी शोधणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा गप्प बसतं. मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत याची आणखी एक बाजू आहे. कितीतरी मराठी पुस्तकं इंटरनेटवर नाहीतच, किंवा आहेत ती पानांच्या फोटोंच्या रूपात. जुने प्रबंध युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेले असतील, तर यंत्राला ती निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. म्हणून मराठी प्रबंधाला २-३ टक्के आले, एवढ्यावरून तो निर्मळ आहे असं मी धरत नाही.

टक्के उतरवण्याच्या नादात मुलं समानार्थी शब्द बदलत बसतात. त्यातून काय होतं ते पाहण्यासाठी मी रचलेलं एक वाक्य घ्या: ‘पूर ओसरल्यावर छोट्या दुकानदारांना माल भरायला हातउसने पैसे घ्यावे लागले, कारण बँकेला लागणारी कागदपत्रं पाण्यात गेली होती.’ त्याचं होतं असं: ‘जलप्रलय सरल्यानंतर लघुव्यावसायिकांना वस्तुसाठ्यासाठी खासगी कर्ज उचलावं लागलं, कारण बँकेस आवश्यक दस्तऐवज नष्ट झाले होते.’ सॉफ्टवेअरला काही सापडणार नाही. पण कागदपत्रं गेली म्हणून बँकेची वाट बंद झाली, हा दुवा कोणीतरी दुकानादुकानात फिरून शोधलेला असतो. तो उचलला गेलाच. शिवाय अर्थही बिघडला. हातउसने म्हणजे ओळखीवर, बहुधा बिनव्याजी घेतलेले पैसे. खासगी कर्ज म्हटलं की सावकार आला. आता वाक्य चोरलेलंही आहे आणि चुकीचंही.

मी मुलांना एक पद्धत सांगते. स्रोत वाचा, पुस्तक मिटा आणि जे कळलं ते शेजारच्याला सांगावं तसं वहीत लिहा. मग पुस्तक उघडून पडताळा, आणि पान क्रमांक त्याच ओळीपुढे लिहा. ‘नंतर टाकू’ म्हटलेला संदर्भ सहसा सापडत नाही. वहीत दोन शाया ठेवा, निळ्यात लेखकाचं, काळ्यात तुमचं. सलग चार पानं निळीच दिसली, तर तुमचं म्हणणं अजून तयार झालेलं नाही. मग पुन्हा दुकानदारांकडे जायला हवं. वरचंच उदाहरण नीट लिहायचं तर आधी त्या अभ्यासकाचं नाव घेऊन त्याचं निरीक्षण सांगावं, आणि पुढे ‘मी भेटलेल्या दुकानदारांनी मात्र...’ अशी स्वतःची बाजू सुरू करावी. त्या ‘मात्र’पासून तुमचं संशोधन सुरू होतं, निव्वळ दुजोरा दिलात तरीही.

मुलाने ते प्रकरण पुन्हा लिहिलं. त्याला दोन महिने लागले आणि मी त्याला घाई केली नाही. मूळ लेखकाची मोजकी इंग्रजी वाक्यं त्याने अवतरणात तशीच ठेवली आणि प्रत्येकाखाली आपल्या पाहणीत काय वेगळं दिसलं ते मराठीत मांडलं. अवतरणं न वगळता काढलेल्या नव्या अहवालात टक्के ३ वरून ६ झाले होते. तो जरा बिचकत दाखवायला आला, आणि मी त्याच दिवशी सही केली.