आधुनिक भारतीय साहित्य आणि समाजपरिवर्तन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून भारतीय भाषांतील साहित्यात समाजातील बदलांचे ठसे स्पष्ट दिसू लागतात. त्यात कोणते विषय आले याइतकेच ते कोणी लिहिले, हेही महत्त्वाचे आहे.

सुरुवातीच्या कादंबरीवर विधवांच्या प्रश्नाची छाया आहे. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. कायदा माजघरापर्यंत पोचला नव्हता, हे हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधून दाखवले. १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः आलेल्या या कादंबरीत यमू स्वतःच आपली कहाणी सांगते आणि ती सक्तीच्या केशवपनापर्यंत जाते. केरळात क्रम उलटा होता: आधी कादंबरी, मग कायदा. ओ. चंदु मेनन यांच्या ‘इंदुलेखा’ची (१८८९) सुशिक्षित नायर नायिका धनाढ्य नंबूदिरी ब्राह्मणाला नाकारते. ‘संबंधम्’ म्हणजे कायद्याने विवाह न मानले जाणारे रूढीतले स्त्री-पुरुष नाते; ते नोंदवून त्याला कायदेशीर विवाहाचा दर्जा मिळवण्याची सोय मलबारात १८९६ मध्ये झाली, तिचा लाभ मात्र फारच थोड्यांनी घेतला.

ही सहानुभूती बहुधा वरच्या जातींच्या उंबऱ्याआड घोटाळत राहिली. मराठी लेखकांच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवले होते. पुढे फकीरमोहन सेनापती यांनी ओडियात जमीन बळकावण्याची, तर प्रेमचंद यांनी ‘गोदान’मध्ये (१९३६) कर्जबाजारी शेतकऱ्याची कथा सांगितली. मुल्कराज आनंद यांनी ‘अनटचेबल’मध्ये (१९३५) सफाई कामगार बखाचा एक दिवस रंगवला. कळवळा खरा होता, पण नजर बाहेरचीच.

खरा फरक पडला तो ज्यांच्याविषयी लिहिले जात होते ते स्वतः लिहू लागले तेव्हा. मुंबईत १९५८ मध्ये दलित साहित्य संमेलन भरले. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला, आणि नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) मुंबईच्या वेश्यावस्तीची बोली मराठी कवितेत आणली, ती वाचताना अनेक जाणत्या वाचकांनाही शब्द अडले. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) हे आत्मकथन आल्यावर पांढरपेशे वाचक अस्वस्थ झाले. आता कुठे मानाने जगू लागलेल्या काही दलित वाचकांनाही हा जुना उकिरडा पुन्हा उकरणे नकोसे वाटले. समाज बदलतो तेव्हा लाजही जागा बदलते, हे या वादाइतके क्वचितच कुठे दिसले असेल.

या आत्मकथनांतूनही स्त्रिया कडेलाच होत्या. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ हे घरच्यांपासून लपवून लिहिले. सवर्णांच्या जाचाबरोबर घरातल्या पुरुषांची मारहाणही त्यांनी मांडली. तमिळमध्ये बामा यांचे ‘करुक्कु’ (१९९२) चर्चमधल्या जातिभेदावर बोलते, तर हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकि यांचे ‘जूठन’ (१९९७) शाळेतल्या. संविधानाने अस्पृश्यता १९५० मध्येच रद्द केली होती.