लिस्पच्या घरात पायथॉन भाडेकरू

समजा खात्यात शिल्लक ० रुपये आहे आणि प्रोग्रॅममध्ये लिहिलंय ‘इफ शिल्लक’, म्हणजे शिल्लक असेल तरच पुढे जा. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणणार, शून्य म्हणजे खडखडाट, थांब. कॉमन लिस्प ही दुसरी, जुन्या लिस्पच्या घराण्यातली भाषा म्हणणार, शून्य आहे ना, मग काहीतरी आहेच की, जा पुढे! लिस्पमध्ये ‘खोटं’ एकच, ते म्हणजे निल, बाकी शून्य असो नाहीतर रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, सगळं खरं.

आता अशा लिस्पवर अख्खा पायथॉन उभा करायचा म्हटलं तर? केलंय हे लोकांनी, विलेम ब्रुकेमाचं सीएलपायथॉन म्हणजे हेच. लिस्पवर जॉन मॅकार्थींनी काम सुरू केलं १९५८ साली, पायथॉन बाहेर आला १९९१ मध्ये, म्हणजे आजोबांच्या खांद्यावर नातू बसवायचा प्रकार.

बऱ्याच जणांना वाटतं की अवघड भाग म्हणजे पायथॉन वाचणं, ते इंडेंटेशन, म्हणजे ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा, वगैरे. कटकट आहे, पण ती एकदाच. २ + ३ * ४ दिसलं की पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, त्याचं झाड करतो, वर बेरीज, एका फांदीला २, दुसऱ्या फांदीला गुणाकार. हेच झाड लिस्पमध्ये लिहिलं की होतं (+ २ (* ३ ४)), बस. ज्या कंसांना सगळे नावं ठेवतात ते कंस म्हणजे हे झाडच आहे! मग झाडाच्या प्रत्येक प्रकारच्या फांदीसाठी एक मॅक्रो, म्हणजे कोडचं दुसऱ्या कोडमध्ये रूपांतर करणारा नियम, लिहायचा, तो तिचं साध्या लिस्पमध्ये रूपांतर करतो, आणि पुढचं मशीन कोड काढायचं काम लिस्पचा तयार कंपायलर करतो, तो आपण लिहायचाच नाही. गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको झालेली मेमरी आपोआप साफ करणं, फुकट, दोनाचा शंभरावा घात मावेल असे मोठे आकडेही फुकट.

खरी मारामारी अर्थाची. वरच्या झाडात मी अधिकचं चिन्ह टाकलं ना, ते लिस्पचं वापरताच येत नाही, कारण पायथॉनमध्ये ‘पु’ अधिक ‘णे’ म्हणजे ‘पुणे’, आणि कुणीही आपल्या क्लासला, म्हणजे स्वतः बनवलेल्या वस्तूंच्या प्रकाराला, स्वतःची बेरीज शिकवू शकतो. म्हणून तिथे आपली बेरीज बसवायची, ती आधी बघते की दोन्हीकडे छोटे पूर्णांक आहेत का, असतील तर झटकन लिस्पकडे सोपवते, नसतील तर वस्तूलाच विचारते, बाई तुझी बेरीज कशी करू? सोसायटीच्या गेटवर वॉचमन प्रत्येकाला अडवतो तसंच हे, प्रत्येक बेरजेला, त्यामुळे मशीन कोड झाला तरी वेगवान सी भाषेच्या स्पीडची अपेक्षा नको. भागाकाराचंही तेच, ७ भागिले २ लिस्पमध्ये ७/२ असा अपूर्णांकच राहतो, जुन्या पायथॉनमध्ये ३, नव्यात ३.५.

माझ्या मते सगळ्यात झकास भानगड पायथॉनच्या यील्ड या शब्दाची. फंक्शन अर्ध्यात थांबतं, एक उत्तर देतं, नंतर हाक मारली की तिथूनच पुढे. कॉमन लिस्पमध्ये असं थांबायची सोय तयार मिळत नाही, मग फंक्शनचे तुकडे करायचे, प्रत्येक थांब्याला नंबर द्यायचा, शेवटचा थांबा कुठला ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्या वेळी थेट त्या नंबरवर उडी मारायची. उडीसाठी लिस्पमध्ये टॅगबॉडी आणि गो आहे, जुनं बदनाम गोटूच ते, इथे चक्क देवासारखं धावून येतं.

आणि एवढं सगळं जमल्यावरही एक खोच उरतेच. नेहमीचा पायथॉन प्रत्येक वस्तू किती जणांनी धरलीय ते मोजत असतो, शेवटच्याने सोडली की ती लगेच साफ, फाइल असेल तर बंदही, म्हणून कित्येक जण फाइल उघडतात, लिहितात आणि बंद करायची तसदीच घेत नाहीत. लिस्पचा गार्बेज कलेक्टर मात्र त्याच्या सवडीने येणार. प्रोग्रॅम तोच, एरर एकही नाही, आणि फाइल उघडून बघावी तर शेवटच्या चार ओळी अजून आलेल्याच नाहीत.